रांगेतले ठिपके

भिंग. थंड चहा. देवीचे अठरा हात. उद्या सर निवृत्त होणार होते. नाशिकच्या संग्रहालयातली छापील चित्रं मी यादीप्रमाणे त्यांच्याकडून ताब्यात घेत होते. सप्तशृंगीच्या शिळाछापावर, म्हणजे दगडावरून छापलेल्या जुन्या चित्रावर, भिंग धरलं. जुन्या छापात ठिपके वेडेवाकडे असतात; हे आजच्या यंत्रछपाईसारखे रांगेत उभे होते. "सर, हे नकली आहे!" "गडावरच्या दुकानातलं. चहात बुडवून जुनं केलं. बारा वर्षं लोक त्यालाच नमस्कार करताहेत. कर सही, मालिनी." "मूळ चित्र तर मुंबईला दुरुस्तीला गेलं होतं ना?" "त्यात दुरुस्त करण्यासारखं उरलं काय होतं?" यादी तपासायला आलेले तपासनीस दाराशी आले. यादीत 'अस्सल' लिहिलं तर मी खोटी. 'नकली' लिहिलं तर सरांवर चोरीचा आळ. मी 'नकली' लिहिलं. जबाबदार म्हणून माझं नाव घातलं. बारा वर्षांपूर्वी, नोकरीच्या नवव्या दिवशी, कुंकवाचा डाग काढायला मी मूळ चित्र पाण्यात बुडवलं होतं आणि त्याचे हातानं भरलेले रंग उतरले होते.