खुणेच्या दोन पावलं मागे

निर्माती मीच, दिग्दर्शक मीच आणि नाटकातली राणीही मीच. त्यामुळे ओरडायला मला कुणाची परवानगी लागत नाही. सगळ्यात जास्त ओरडले ती राजावर, म्हणजे आमच्या ह्यांच्यावर. बावीस वर्षं शेवटच्या प्रवेशात हे खडूच्या खुणेमागे दोन पावलं उभे राहायचे आणि चेहरा अंधारात जायचा. "अहो, खुणेवर या!" हे वाक्य मी माझ्या संवादांपेक्षा जास्त वेळा म्हटलं असेल.

हे गेले, त्याला वर्ष झालं. आता तेच नाटक मी पुन्हा उभं करतेय. नवा राजा गुणी आहे, बरोबर खुणेवर पाय ठेवतो.

तिसऱ्या तालमीला दिवेवाला म्हणाला, "बाई, ह्याची सावली पायापासून सुटतेय. दोन पावलं मागे पडतेय." त्याने दिवे हलवले, बदलले. सावली तिथेच.

"राहू दे," मी म्हणाले. दुसऱ्या दिवसापासून शेवटच्या प्रवेशाच्या तालमी मी वाढवल्या.

आज दुपारी रंगीत तालीम होती. राणी राजाचा निरोप घ्यायला येते, तशी मी आले, आणि संवाद राहिला बाजूला, सवयीने तोंडातून गेलं, "अहो, खुणेवर या ना."

नवा राजा गोंधळला. "ताई, मी खुणेवरच आहे."

तो खरंच जागचा हलला नव्हता. सावली मात्र दोन पावलं पुढे आली.

बावीस वर्षांत पहिल्यांदा ह्यांनी माझं ऐकलं, असं मनात येईपर्यंत सावलीने खूण ओलांडली होती, माझ्याच दिशेने.