कलम चौदा: हिमवर्षाव

सुगना पुन्हा कोसळली. इस्त्रीच्या टेबलाशीच, हातातल्या कुर्त्यासकट. काल दुपारी कोसळली होती. आज सकाळीच.

बायकांनी तिला दाराशी ओढत आणलं, तोंडावर पाणी मारलं. डोळे उघडले तशी ती म्हणाली, "मैडम, छुट्टी मत लगाना. पैसे कटेंगे." आणि उठायला लागली.

प्रणिताने तिला खांद्याला धरून परत बसवलं. बाहेर जयपूरच्या सीतापुऱ्यात सकाळीच बेचाळीस अंश. आत, वाफेच्या इस्त्र्यांपाशी किती, ते मोजायच्या भानगडीत कारखाना पडला नव्हता.

कलम चौदा (अ). हिमवर्षाव झाल्यास कारखाना बंद राहील. कोणाचाही पगार कापला जाणार नाही.

हे कलम प्रणिताचंच. म्हणजे तिने उचललेलं. परदेशी गिऱ्हाइकाने घाईघाईने लेखी धोरण मागितलं, तेव्हा मनुष्यबळ अधिकारी म्हणून तिने कॅनडातल्या कुठल्याशा कंपनीचं धोरण उतरवलं, नाव बदललं आणि समितीपुढे ठेवलं. समितीने प्याजकचोरी खाल्ली आणि एकमताने मंजूर केलं. मालकांनी सही ठोकली. वाचलं कोणीच नाही. गिऱ्हाइकाने मात्र वाचलं, आणि 'आदर्श धोरण' असा शेरा दिला.

चूक लक्षात आल्यावर तिने उन्हाच्या सुट्टीचं कलम सुचवलं. पण दुरुस्ती फक्त वार्षिक बैठकीत होते, आणि वार्षिक बैठक जानेवारीत. खोलीत हीटर लावलेला. मालक शाल सावरत म्हणाले, "गर्मी? अभी?" सगळे हसले. विषय पुढच्या जानेवारीवर गेला.

आता मे होता.

ती सर्जेरावांच्या केबिनमध्ये शिरली. सर्जेराव कारखान्याचे व्यवस्थापक. मूळचे साताऱ्याकडचे, सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले आणि जयपुरातच राहिले.

"सुभेदारसाहेब, काम थांबवा. ती बाई मरेल हो!"

"मला काय कळत नाही, मॅडम? पण उन्हाची सुट्टी नियमात दाखवा, या मिनिटाला भोंगा वाजवतो. नियमात नाही ते मी जन्मात केलेलं नाही."

कलम चौदा (ब). हिमवर्षाव झाला आहे किंवा नाही, हे मनुष्यबळ अधिकारी ठरवील. हा निर्णय सर्वांवर बंधनकारक राहील.

प्रणिताने त्यांच्या कपाटातली फाइल ओढली, पान काढलं आणि त्यांच्यापुढे सरकवलं.

"बर्फ पडतोय," ती म्हणाली.

सर्जेरावांनी खिडकीबाहेर पाहिलं. टेम्पोखाली एक कुत्रं जीभ बाहेर टाकून पडलं होतं.

"मॅडम, मी द्रासला हिवाळे काढलेत. बर्फ काय असतो, ते मला सांगताय?"

"काढले असतील. पण ठरवायचं मी आहे. वाचा."

त्यांनी वाचलं. मग ओळीखाली बोट धरून पुन्हा वाचलं.

"मालक घरी बसवतील तुम्हाला."

"बसवू देत. तोवर बर्फ आहे."

सर्जेराव उठले. टोपी चढवली. माइक तोंडाशी धरला.

"सब लोग ध्यान दें. बर्फबारी के कारण कारखाना बंद किया जाता है. पगार नहीं कटेगी."

एकेक इस्त्रीची वाफ थांबत गेली. बायका बाहेर पडल्या. फाटकातून जाताना सुगनाने वर आभाळाकडे पाहिलं, मागे वळून प्रणिताकडे पाहिलं, आणि थंडी वाजल्यासारखी ओढणी अंगाभोवती घट्ट लपेटून घेतली.

संध्याकाळी सर्जेरावांना मालकांचा फोन आला. आधी ते ओरडले. प्रणिताला काढतो म्हणाले, धोरणच रद्द करतो म्हणाले. मग सर्जेरावांनी त्यांना आठवण करून दिली, की दोन्हींचं कारण गिऱ्हाइकाला लेखी कळवावं लागेल. आदर्श धोरण पाळलं, हे कारण.



"अच्छा," मालक शेवटी म्हणाले, "तो ये बर्फ रहेगी कब तक?"

"वो हमारे हाथ में नहीं है, सर," सर्जेराव म्हणाले आणि त्यांनी फाइलीतलं पान उलटलं.

कलम चौदा (क). बर्फ वितळला, हे जाहीर करण्याचा अधिकारही त्याच अधिकाऱ्याला राहील.