गल्लीचा आवाज

"पुन्हा एकदा म्हणा ना, मावशी," पाहुणीने रेकॉर्डर पुढे सरकवला.

"अगं, जीव घेशील माझा!" सुईणबाई हसल्या, हसता हसता खोकल्या आणि रोजच्यासारखी खिडकीतून हाक मारली. "अहो घड्याळवाले, आहात का गेलात?"

पाहुणीने लगेच तीच हाक मारली. खोकल्यासकट.

सुईणबाई चपापल्या. मग त्यांनी तिच्या पाठीत धपाटा घातला. "मेले, मला वाटलं मीच बोलले!"

गल्लीतली बाकीची घरं केव्हाच ओस पडली होती. छपरं खचली होती, पण दर्शनी भिंती पर्यटन खात्याने रंगवून घेतल्या होत्या. दारोदारी कुंड्या, वळणावर बाकं, नवे दिवे. पर्यटक हेडफोन लावून फिरणार आणि प्रत्येक दाराशी तिथल्या माणसाचा आवाज ऐकणार. ते सगळे आवाज पाहुणी काढणार होती. आधी ती नाटकांत कामं करायची.

"पण माझं घर राहील ना गं? का इथे लॉज काढतील?"

"तुम्ही राहताय तोवर कोण हात लावणार? शुक्रवारी आमच्या खात्याचे साहेब येतील. एखादा जुना शेजारी म्हणाला, या इथल्याच, की झालं."

घराचा भाडेकरार सुईणबाईंच्या नवऱ्याच्या नावावर होता आणि नवरा वारला होता. शेजाऱ्याच्या शब्दावरच सगळी भिस्त होती.

"शेजारी उरलेत एकटे घड्याळवाले. कोपऱ्यावर बसून असतात. डोळे गेलेत बिचाऱ्यांचे."

"आवाज ओळखतात ना?"

"नुसत्या खोकल्यावरून ओळखतात!"

"मग काळजीच नको," पाहुणी म्हणाली. "तुम्ही त्यांना काय म्हणता? आणि ते तुम्हाला?"

"लांबून हाक मारताना घड्याळवाले, समोरासमोर भाऊ. ते मला ताई म्हणतात."

गुरुवारी खात्याची गाडी सुईणबाईंना रेकॉर्डिंगसाठी शहराबाहेरच्या स्टुडिओत घेऊन गेली. तिथे त्या दिवसभर बसून राहिल्या. पाहुणी फिरकलीच नाही. गाडीने त्यांना अंधार पडल्यावर घरी सोडलं.

शुक्रवारी साहेब आले. बरोबर कुलपं घेतलेली दोन माणसं होती. सुईणबाई सगळ्यांना घेऊन कोपऱ्यावर गेल्या. घड्याळवाले पायरीवर बसले होते.

"काका, या बाई इथे राहतात का?" साहेबांनी विचारलं.

"भाऊ, सांगा ना यांना. मी आहे." सुईणबाईंना खोकल्याची उबळ आली.

घड्याळवाल्यांनी मान कलती करून ती सबंध ऐकली.

"हुबेहूब आहे हो, साहेब," ते म्हणाले. "पण ताई काल दुपारीच माझा निरोप घेऊन बहिणीकडे कायमच्या राहायला गेल्या. जाताना रडत होत्या. मला बजावून गेल्या, 'भाऊ, माझा आवाज काढणारी एक नटी उद्या येईल. तिला फसू नका.'"