गाडीची जबानी

राडारोडा वाहायचा परवाना विम्याशिवाय मिळत नसे आणि विमा मिळायचा तो गाडीच्या जबानीवर. मालकाच्या शब्दावर कोण विश्वास ठेवतंय? बोलत्या गाड्या मात्र खोटं बोलत नाहीत, असं सगळेच मानत.

विमा कंपनीकडून तपासणीला आलेल्या रेणुसेबाई डंपरसमोर उभ्या राहिल्या, तसे डंपरचे मालक साळोखे दोन पावलं मागं सरले. पाडलेल्या घरांचा राडारोडा त्यांनी ठरवून दिलेल्या डेपोवर न नेता गावच्या ओढ्यात टाकला होता. डंपरला ते ठाऊक होतं. ओतला होता त्यानंच.

"माल कुठं ओतलास?" बाईंनी विचारलं.

"डेपोवरच, मॅडम."

साळोख्यांचा जीव भांड्यात पडला.

"नक्की?"

"आईशप्पथ!" डंपर म्हणाला.

आवारातले ड्रायव्हर खो खो हसले. बाई हसल्या नाहीत.

"साळोखे, गाडीला आई कुठून आली?"

साळोख्यांना मान वर करवेना. नाक्यावरच्या पोलिसापुढं, ओढ्याकाठच्या बायकांपुढं त्यांनी हीच शपथ घेतली होती आणि डंपर दर वेळी शेजारीच उभा होता.

डंपरनं आवाज बारीक केला.

"काय चुकलं का, मालक? तुम्ही असंच म्हणता की."