सहीला सही

आयसीयूबाहेरच्या बाकावर बसून वसुधाबाई फोनवर फटाफट सह्या करत होत्या. आत त्यांच्या यजमानांचा श्वास यंत्रावर चालला होता, आणि यंत्र याचिकेवर. यंत्र एक, पेशंट दोन. चार वाजेपर्यंत ज्याच्या ऑनलाइन याचिकेवर सह्या जास्त, यंत्र त्याचं, असा आता कायदाच होता. डॉक्टरांकडे फक्त बटण उरलं होतं.

"अगं, वाचतेस तरी का?" शेजारच्या कुमुदताईंनी विचारलं.

"आलेल्या आहेराची परतफेड करताना कोणी चिकित्सा करतं का, ताई? ज्यांनी ह्यांच्यासाठी सही केली, त्यांच्या याचिकेवर आपली नको? कोणाला पूल हवा, कोणाला कुत्री नकोत. बोट टेकवलं की झालं."

चार वाजता नर्स बाहेर आली. "काकू, सात नंबरचा पेशंट पुढे गेला. एका सहीने. यंत्र तिकडे हलवतोय."

वसुधाबाईंच्या हातातला फोन वाजला. 'अभिनंदन, वसुधा कारखानीस. सात नंबरच्या पेशंटसाठी शेवटची सही तुमची. तुमच्यामुळे बदल घडला. ही आनंदाची बातमी सर्वांना कळवा.'

वाचून होण्याआधीच त्यांचं बोट सवयीने 'पाठवा'वर टेकलं होतं.