पडद्यावरची हाक

"त्यांना आता कुठे ऐकू येतंय!" थोरला मुलगा दारात उभ्या असलेल्या वायरमनला म्हणाला, आणि नेमकं तेवढंच वाक्य तारमास्तरांना स्वच्छ ऐकू आलं.

ते टेबलाशी बसले होते. समोर त्यांचा रेडिओ, ज्यावरून ते इतकी वर्षं मोर्सच्या खुणांनी कट्ट-कडकट्ट करत दूरदूरच्या हौशी मंडळींशी बोलत आले होते. शेजारी धाकट्या लेकीने आणलेला, आवाजाचं चित्र दाखवणारा टॅबलेट. दोघांना जोडणारी केबल त्यांच्या हातात होती.

"काय उतरवायला सांगतोयस रे?"

"गच्चीवरची रेडिओची तार!" लहान मुलाला समजवावं तसं एकेक अक्षर फोडून थोरला ओरडला. "सोलर बसवायचंय, अण्णा! तुमची तार मध्ये येते! आणि तुम्हाला त्या रेडिओतलं ऐकू काय येतं? नुसती खरखर!"

खोटं नव्हतं, म्हणून जास्त झोंबलं. कानाला मशीन लावलं की खरखर तेवढी मोठी व्हायची, आणि तिच्यातली कट्टकडकट्ट पार विरघळून जायची.

"माझे कान गेलेत. मी नाही गेलो अजून," मास्तर म्हणाले. "तार माझी आहे. मला विचारलंस?"

"विचारलं असतं तर ऐकू आलं असतं का?"

वायरमन खुदकन हसला. मग मास्तरांकडे बघून त्याने मान खाली घातली.

"दादा, पुरे!" धाकटी उठली. "वायरमनदादा, तुम्ही बसा इथे. तारेला हात लावलात तर माझ्याशी गाठ आहे."

"अगं, ऐकायची गोष्ट बघायला लावणार तू त्यांना? उद्या वास घ्यायला लावशील," असं म्हणत थोरला हाताची घडी घालून दाराला टेकला. आता गंमत बघायची होती त्याला.

मास्तरांनी केबलचं एक टोक रेडिओच्या हेडफोनच्या भोकात घातलं, दुसरं टॅबलेटला. लेकीने अ‍ॅप उघडलं. पडदा काळाच राहिला. तिने केबल काढून परत घातली. काळाच. दाराकडून एक लांबलचक सुस्कारा आला.

मास्तरांनी पिन काढून चष्म्याजवळ धरली.

"तीन पट्ट्यांची आहे ही. टॅबलेटला वाटतंय, आपण त्याला हेडफोन लावलाय. म्हणजे तोच बोलणार आणि आपण ऐकायचं. सगळ्यांना तेच हवंय या घरात! त्याला ऐकायला लावायचं तर चार पट्ट्यांची पाहिजे, माइकवाली."

लेकीने पर्समधून स्वतःचा इयरफोन काढला आणि अण्णांनी नको-नको म्हणायच्या आत कात्रीने कापला. मास्तरांनी वायरी सोलल्या, जुनी पिन उडवली, नवी जोडून कथलाचा डाग दिला.

या वेळी पडदा निळा झाला. वरून खाली करडी भुकटी झरू लागली. तीच ती खरखर, पण डोळ्यांना तिचा काही त्रास नव्हता. मास्तर बोटाच्या टोकाने रेडिओची चकती केसभर, केसभर फिरवत गेले. भुकटीतून एक पिवळी रेघ वर आली. सलग नव्हती, तुटक होती. छोटा तुकडा, लांब तुकडा, दोन छोटे.

मास्तरांचे ओठ हलू लागले.

"अगं, हे माझं नाव आहे."

"कोण बोलावतंय?"

"खलाशी! दुसरा कोण?" त्यांचा जुना दोस्त, बोटीवर रेडिओ सांभाळलेला माणूस. रोज संध्याकाळी दोघांच्या गप्पा ठरलेल्या असायच्या. मास्तरांचे कान गेले आणि त्या थांबल्या. "मास्तरांना हाक, मास्तरांना हाक, असं म्हणतोय. किती दिवस मारत असेल गं हाका?"

त्यांनी मोर्सची कळ पुढे ओढली आणि उत्तर ठोकलं. पडद्यावर त्यांचेही तुकडे उमटले. मग नुसती भुकटी. बराच वेळ भुकटीच. थोरला काहीतरी बोलणार, तोच पिवळी रेघ परत आली. या खेपेला तिचे तुकडे अडखळत येत होते. लेकीला कळावं म्हणून मास्तर मोठ्याने वाचू लागले.

"खरंच... तूच... आहेस? तुझा मुलगा फोनवर म्हणाला... तू आता कोणाला ओळखत नाहीस. पुन्हा फोन... करू नका. म्हणून केला नाही. पण बोटं... ऐकत नव्हती. रोज हाक मारत होतो."

वाचता वाचता मास्तरांचा आवाज सपाट होत गेला. लेक वळून भावाकडे बघत राहिली.

"अगं, सारखे फोन यायचे त्यांचे," थोरला म्हणाला. "दर वेळी काय ते ऐकू येत नाही, ऐकू येत नाही सांगत बसायचं? म्हटलं, एकदाच काय ते..."

"मग मेले म्हणूनच सांगायचंस! तेवढंच कशाला ठेवलंस?"

मास्तरांनी हात वर करून लेकीला थांबवलं. ते परत कळीकडे वळले. वायरमनने हातातली पक्कड पिशवीत टाकली आणि तो कोणाला काही न विचारता जिना उतरून गेला.

कट्टकडकट्ट थांबली तेव्हा थोरला टेबलाजवळ आला, बापाला आपले ओठ दिसतील असा वाकला आणि हळूच म्हणाला, "अण्णा, काय कळवलंत त्यांना?"

मास्तरांनी त्याच्याकडे नीट निरखून पाहिलं.

"कळवलं, ओळखतो. आता तर चांगलंच ओळखतो."