पेटीवरची गळती

पेटीवर तिवई होती आणि तिवईवर मडकं.

यज्ञेश्वरपंत कुंपणाच्या फाटकातच थबकले. अंगणात चार पायांवर उभी असलेली ती पांढरी, झिलमिलीच्या तिरप्या फळ्यांची पेटी. मडक्याच्या बुडाला भोक, भोकात दर्भाची काडी, आणि काडीवरून थेंब थेंब पाणी पेटीच्या छपरावर. छपरावरून ते फळ्याफळ्यांतून आत झिरपत होतं. वैशाखात महादेवाच्या पिंडीवर गळती लावतात, अगदी तशी. पेटीच्या पायाशी हळदकुंकू आणि कण्हेरीची दोन फुलंही होती.

पेटी हवामानाची होती. आत उष्णतामापक. पंत कचेरीत कारकुनी करायचे आणि सकाळ-संध्याकाळ पारा वाचून पुण्याच्या वेधशाळेला तार करायचे. सगळं सोलापूर भाजून निघत असताना आठवडाभर त्यांचा पारा मात्र शहाण्या मुलासारखा खाली बसला होता. "पंत, तुमचा पारा थंड झाला, आमची डोकी कधी व्हायची?" शेजारचे आबासाहेब येता-जाता टोमणा मारायचे. खुद्द पंतांच्या पाठीवर घामोळं उठलं होतं. पण पाठीपेक्षा पाऱ्यावर भरवसा ठेवणारा गृहस्थ! परवा वर्तमानपत्रातही आलं: सोलापूर भागात उष्म्याची लाट ओसरली, आणखी काही दिवस हवा सुसह्य राहील. पंतांच्या तारेवर पुण्याचा अंदाज आणि पुण्याच्या अंदाजावर पंतांचा विश्वास. आंधळ्यानं आंधळ्याचा हात धरावा, तसं.

त्याच दिवशी त्यांनी मोहोळला सासुरवाडीस कार्ड टाकलं. पाऊस पडल्याशिवाय प्रभाला आणि तान्ह्या नातीला हलवणार नाही, म्हणून सासरे अडून बसले होते. आता भिण्याचं कारण नाही, पंतांनी लिहिलं, दुपारच्या गाडीने पाठवा.

ती गाडी आजची. म्हणून तर ते कचेरीतून लवकर आले होते.

"आई!"

मथुराबाई घागर कमरेवर घेऊन बाहेर आल्या. सून बाळंतपणाला गेल्यापासून मुलाचं घर त्याच बघत होत्या. त्याला बघून जरा अवघडल्या. केलेलं पुण्य बोलून दाखवायचं नसतं.

"लवकर आलास होय? रोज तू यायच्या आत काढून ठेवते की मी."

"रोज?"

"मग? तू सकाळी आंघोळ करून ओलेत्यानं जातोस त्याच्यापुढं. वाकून दर्शन घेतोस. कुणी शिवायचं नाही म्हणतोस, सावलीसुद्धा पडू द्यायची नाही म्हणतोस. म्हटलं, असेल बाबा ह्याचं काहीतरी दैवत. आपण घरात बसायचं आणि देवानं अंगणात तापायचं, बरं दिसतं का रे?"

संध्याकाळी पेटी ओलसर लागायची खरी. आईनं अंगणात पाणी शिंपडलं असेल, असं पंतांना वाटायचं. त्यांनी तिवई धरून ओढली. मडकं खाली पडून फुटलं. मथुराबाई "अरे, अरे" करत मागं सरल्या. पंतांनी धोतराच्या सोग्यानं पेटी आतून-बाहेरून पुसली, नळी पुसली, आणि समोर उभे राहिले.

फळ्या बघता बघता सुकल्या. पारा हलला. शंभराच्या वर गेला. एकशे पाचाच्या वर गेला.

"पुरे," पंत पुटपुटले. "पुरे रे बाबा."

तो थांबेना. एकशे दहा मागं पडले तेव्हा पंतांना तिसऱ्या वर्गाचा डबा दिसू लागला. तापलेले गज, खिडकीतून येणारी झळ, दाटीवाटीनं बसलेली माणसं आणि प्रभाच्या मांडीवर दीड महिन्याची सरोजिनी. आपणच बोलावलं तिला. आपल्याच अक्षरात.

रस्त्यावर टांगा येऊन थांबला.

"आली बघ!" मथुराबाई आत धावल्या. नात पहिल्यांदाच घरी येत होती. ओवाळून टाकायला भाकरतुकडा त्यांनी सकाळीच काढून ठेवला होता.

टांगेवाला सिद्रामप्पा खाली उतरला होता. एवढ्या उन्हात त्यानं डोक्याचा पटका काढून हातात धरला होता.

"गाडी सिग्नलापाशी लई येळ हुबी हुती, पंत," तो म्हणाला, आणि मान खाली घालून घोड्याच्या तोंडाशी जाऊन उभा राहिला.

प्रभा टांग्यातून उतरली नाही. मांडीवरच्या दुपट्यावर दोन्ही हात ठेवून ती समोर बघत होती. नवऱ्याकडे तिनं पाहिलं नाही.

मथुराबाई भाकरतुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन लगबगीनं उंबऱ्यात आल्या. तिथूनच त्यांनी कौतुकानं टांग्याकडे बघितलं.

"हळू उतर गं, प्रभा," त्या म्हणाल्या. "आणि यज्ञेश्वर, बघ की रे, एवढ्या लांबून आली, पण रडणं नाही की कुरकुर नाही. किती शांत आहे माझी बाय!"